पोटाला चिमटा नेमका कुठे घ्यायचा? खर्च कापून कर्ज लवकर फेडण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जात असलेली माणसं खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यातले निम्मे तरी कधीकाळी मीच विचारत होतो. उदाहरणांतले आकडे कुठल्याही चलनात वाचा, गणित तेच राहतं.

बारीकसारीक खर्च कापून खरंच फरक पडतो का? दात कोरून पोट भरतं का कधी?

भरत नाही, हे खरंच. पण कर्जाच्या बाबतीत ही म्हण लावायच्या आधी एकदा हिशेब बघा.

समजा १,००,००० चं कर्ज आहे आणि व्याज महिन्याला ३ टक्के, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर हा दर अनेकांच्या ओळखीचा असेल. पहिल्या महिन्याचं व्याजच ३,००० होतं. तुम्ही दरमहा ३,००० भरत राहिलात तर जन्मभर भराल आणि कर्ज जागचं हलणार नाही. ४,००० भरलेत तर ४७ महिन्यांत सुटाल आणि एकूण व्याज जाईल साधारण ८७,६००. ५,००० भरलेत तर ३१ महिने आणि व्याज ५५,०००. ६,००० भरलेत तर २४ महिने आणि व्याज सुमारे ४०,७००.

आता हे आकडे नीट बघा. चाराचे पाच हजार केले तेव्हा १६ महिने वाचले. पाचाचे सहा केले तेव्हा मात्र फक्त ७. जोर दोन्ही वेळा सारखाच लावला, पण पहिल्या हजाराने दुप्पट काम केलं. कारण तुमच्या हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो आणि मुद्दलाला भिडतो तो फक्त वरचा तुकडा. ४,००० मधला हा तुकडा १,००० चा असतो. त्यात आणखी हजार घातले की मुद्दलावरचा मारा पहिल्याच महिन्यात दुप्पट होतो. त्यामुळे हप्ता जेमतेम व्याजापुरता असेल, तर तुमच्या बारीकसारीक काटकसरीला सगळ्यात जास्त भाव आहे. ज्यांची ओढाताण सगळ्यात जास्त तेच बहुधा म्हणतात की एवढ्याशाने काय होणार. दुर्दैवाने गणित नेमकं उलटं आहे.

माझं कर्ज वेगळं, दर वेगळा. सोपा ठोकताळा आहे का?

आहे, आणि मला तो फार आवडतो. आज तुमच्या कर्जावर महिन्याला किती व्याज लागतं ते काढा. त्याच्या दुप्पट रक्कम दरमहा भरायची आणि व्याज घटत गेलं तरी ती कमी करायची नाही. ७२ ला वार्षिक व्याजदराने भागलं की कर्ज फिटायला लागणारी वर्षं साधारण मिळतात. ३६ टक्के असतील तर दोन वर्षं, २४ असतील तर तीन, १८ ला चार, १२ ला सहा.

यातली गंमत अशी की ७२ चा हा नियम मुळात पैसे किती वर्षांत दुप्पट होतात ते सांगण्यासाठी वापरतात. म्हणजे एक पैसाही न भरता जेवढ्या काळात कर्ज दुप्पट झालं असतं, तेवढ्याच काळात व्याजाच्या दुप्पट भरणारा माणूस मोकळा होतो. आज तुम्ही व्याजाच्या किती पट भरताय ते बघा. दुपटीला जेवढे कमी पडतायत, तेवढी रक्कम खर्चातून काढायची आहे. "खर्च कमी करायला हवा" हे वाक्य मनात घोळवण्यापेक्षा असा एक आकडा भिंतीवर चिकटवलेला बरा.

खर्च लिहून ठेवायलाच हवेत का? कंटाळा येतो.

महिनाभर तरी हवेत. आणि त्या महिन्यात काहीही कापू नका, फक्त लिहा. लिहायला लागलो की आपण आपोआप शहाण्यासारखे वागायला लागतो, मग खरं चित्र मिळतच नाही.

अॅप चालतं, पण पहिल्या महिन्यासाठी मी वहीच सुचवेन. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये घरखर्चाची वही प्रसिद्ध केली. 'काकेइबो' म्हणून ती पद्धत आजही हाताने लिहूनच पाळली जाते. स्वतःच्या हाताने आकडा लिहिताना तो टोचतो. अॅपने परस्पर रंगीत चकती काढून दिली की आपण ती कौतुकाने बघतो आणि फोन खिशात ठेवतो.

वहीबरोबर खात्याचं गेल्या बारा महिन्यांचं विवरणही काढा. वर्षातून एकदाच येणारे खर्च, म्हणजे विम्याचा हप्ता, शाळेची फी, गाडीची दुरुस्ती, लग्नकार्याचे आहेर, एका महिन्याच्या वहीत दिसतच नाहीत. बजेट कोसळतं ते बहुतेक वेळा यांच्यामुळेच. यांची वर्षाची बेरीज करा, बाराने भागा आणि तेवढे पैसे दर महिन्याला बाजूला ठेवा. कर्ज फेडायच्या भरात हे राहून गेलं तर सहाव्या महिन्यात पुन्हा कार्ड बाहेर निघतं.

मग आधी काय कापू?

एकदा ठरवलं की पुन्हा ठरवावं लागत नाही, असे खर्च आधी. बाहेरचं खाणं बंद करायचं म्हटलं तर रोज संध्याकाळी दमलेल्या मनाशी भांडावं लागतं. न बघितलेल्या चॅनेलांची वर्गणी, न गेलेल्या व्यायामशाळेचं शुल्क, गरजेपेक्षा मोठा इंटरनेटचा प्लॅन, कधीच न वापरलेली जास्तीची क्लाऊड साठवण, कार्डाची वार्षिक फी, वस्तूबरोबर गळ्यात मारलेली वाढीव वॉरंटी हे सगळं एका रविवारी दुपारी बसून संपवता येतं आणि त्याची बचत पुढे दर महिन्याला आपोआप होत राहते. वर्गणी बंद करायचं बटण शोधताना घाम फुटेल. ते मुद्दामच तसं लपवलेलं असतं. चिकाटी सोडू नका.

त्यानंतर दंड. उशिरा भरल्याचा आकार, खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेल्याचा आकार, कार्डावर रोख उचलल्याचं शुल्क. या खर्चातून तुम्हाला सुख तर सोडाच, साधी वस्तूसुद्धा मिळालेली नसते. पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख यांत अंतर असेल तर बँकेला तारीख बदलून मागा. बऱ्याच ठिकाणी एका अर्जावर काम होतं. मी तीन वर्षं महिन्याच्या पाच तारखेचा हप्ता सात तारखेच्या पगारातून भरत होतो. तारीख बदलता येते, हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं. त्या तीन वर्षांत भरलेल्या दंडाची बेरीज मी अजून बायकोला सांगितलेली नाही.

मग मोठे खर्च: घरभाडं, वाहन, विमा. हे हलवणं अवघड, पण एक मोठा खर्च दहा टक्क्यांनी खाली आला की दहा छोट्या काटकसरी जमल्या नाहीत तरी चालतं. विम्याचं नूतनीकरण करताना दुसरीकडचा भाव विचारा. दोन वाहनं असतील आणि एक आठवड्यातून एकदाच निघत असेल, तर त्याचा इंधनाशिवायचा वर्षाचा खर्च काढून बघा.

सवयीचे खर्च सगळ्यात शेवटी. त्यांच्यासाठी माझी एक युक्ती आहे. वहीतल्या प्रत्येक खर्चापुढे आठ दिवसांनी खूण करायची: आठवतो का, आणि आठवला तर बरं वाटतं का? मित्रासोबतचं जेवण आठवतं. घाईत, उभ्याउभ्या, भूक नसताना घेतलेलं काहीबाही आठवतही नाही. न आठवणारे खर्च आधी काढा. ते गेल्याचं दुःख होत नाही, कारण ते होते हेच ठाऊक नसतं.

काय अजिबात कापू नये?

औषधं, आरोग्य विमा, दातांची तपासणी, ज्यावर पोट चालतं त्या अवजारांची देखभाल. गाडीचं तेल बदलायचं टाळून वाचवलेले पैसे इंजिन व्याजासकट वसूल करतं. आणि एखादी छोटी चैन ठेवाच. सगळंच बंद केलेला माणूस तिसऱ्या महिन्यात एका दिवसात तीन महिन्यांची भरपाई करतो.

खर्च तर कमी केला, पण महिनाअखेर हातात काहीच उरत नाही. पैसे जातात कुठे?

या पानावर एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

खर्च कमी करणं हे एक काम आणि कर्ज फेडणं हे दुसरं. पहिलं केलं की दुसरं आपसूक होतं, असं वाटतं. होत नाही. वाचलेले पैसे खात्यात पडून राहिले की ते "आहेत" असं दिसतं आणि जे आहे ते खर्च होतं. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. मी दोन वर्गण्या बंद केल्या, डबा न्यायला लागलो, चार महिने स्वतःवर खूश होतो. पाचव्या महिन्यात कर्जाचं विवरण उघडलं तर शिल्लक आधीच्या वेळापत्रकाप्रमाणे उतरली होती, त्याहून एक पैसा जास्त नाही.

तेव्हापासूनचा नियम: जे कापलं ते त्याच दिवशी कर्जात भरायचं. वर्गणी बंद केली त्याच मिनिटाला तेवढ्या रकमेची कायमची सूचना बँकेला द्यायची, दर महिन्याला पगाराच्या दुसऱ्या दिवशी कर्जखात्यात जाईल अशी. बाहेर जेवायचं ठरलं होतं आणि गेलो नाही, तर त्या रात्रीच फोनवरून तेवढे पैसे कार्डाच्या खात्यात भरायचे. रक्कम हास्यास्पद वाटेल इतकी छोटी असली तरी चालेल. कार्डावर व्याज बहुधा रोजच्या शिल्लकेवर धरतात, त्यामुळे महिनाअखेरीची वाट बघण्यातही तोटाच असतो.

हप्त्याच्या कर्जात मात्र दर आठवड्याला चिल्लर भरणं काही ठिकाणी चालत नाही. किमान रक्कम ठरलेली असते, कधी मुदतपूर्व भरण्यावर शुल्क असतं. तिथे वेगळं खातं उघडा, त्यात साठवा आणि ठरलेली रक्कम झाली की भरा. त्या खात्याचं कार्ड घेऊ नका.

आणखी एक. जास्तीचे पैसे भरताना ते मुद्दलातून वजा करा असं लेखी सांगा. काही ठिकाणी ते पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून धरतात आणि तुमची सगळी मेहनत व्याज न घटवता नुसती पडून राहते. भरल्यावर पुढच्या विवरणात मुद्दल तेवढ्याने उतरलं का, ते तपासा.

जास्तीचे पैसे भरले की बँक विचारते: हप्ता कमी करू की मुदत?

मुदत. २० वर्षांच्या, ९ टक्क्यांच्या कर्जाचा हप्ता लाखामागे साधारण ९०० बसतो. पहिल्या हप्त्यातले ७५० व्याजात जातात, मुद्दलाला मिळतात १५०. अशा कर्जात पहिल्यापासून हप्त्याच्या दहा टक्के जास्त भरत राहिलात तर २४० ऐवजी १९० हप्त्यांत ते संपतं आणि लाखामागे सुमारे २८ हजार व्याज वाचतं. नोकरीचा भरवसा नसेल तर एक मधला मार्ग आहे. हप्ता कमी करून घ्यायचा आणि तरी जुन्याच रकमेइतके भरत राहायचं. गणित जवळपास तेच राहतं आणि वाईट महिन्यात श्वास घ्यायला जागा मिळते. फक्त मनाचा भरवसा हवा.

तीन-चार कर्जं आहेत. वाचवलेले पैसे कुठल्यात भरू?

सगळ्यांचे ठरलेले हप्ते चालू ठेवून वरचे पैसे एकाच ठिकाणी. विभागून भरू नका.

पैशांच्या हिशेबाने सगळ्यात जास्त दराचं कर्ज आधी, यात वाद नाही. पण माणूस हिशेबाने चालत नाही. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी कर्जबाजारी लोकांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये दाखवलं की ज्यांची कर्जखाती एकेक करून बंद होत गेली, ते शेवटपर्यंत जाण्याची शक्यता जास्त होती, मग त्या खात्यांतली रक्कम छोटी का असेना. मी स्वतः असं करतो: दोन-तीन महिन्यांत उडवता येईल असं चिल्लर कर्ज असेल तर ते आधी संपवतो, म्हणजे एक हप्ता कमी होतो आणि हुरूप येतो. त्यानंतर दराच्या उतरत्या क्रमाने.

थकलेले हप्ते आणि ज्यापायी घर किंवा गाडी जाऊ शकते ते कर्ज या रांगेच्या बाहेर. ते कधीही पहिले. आणि नातेवाइकाकडून घेतलेले हातउसने बिनव्याजी असले तरी शेवटी ठेवू नका. त्यांचं व्याज दुसऱ्या प्रकारे भरावं लागतं.

बाजूला थोडी बचत आहे. ती मोडून कर्ज फेडू?

बहुतेक सगळी मोडा. खात्यात चार टक्क्यांनी पैसे ठेवायचे आणि शेजारी ३६ टक्क्यांचं कर्ज पोसायचं, हे आपण सगळेच करतो. रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पैशांना आपण मनात वेगवेगळे कप्पे करतो, "हे मुलांचे, हे सुट्टीचे, हे कर्जाचे", आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात हात घालत नाही, हे त्यांनी मांडलं. कर्जाला ते कप्पे दिसत नाहीत.

पण महिनाभराचा खर्च निघेल एवढी रक्कम शिल्लक ठेवा. ती नसेल तर पहिल्याच आजारपणात पुन्हा त्याच कार्डाकडे जावं लागेल.

कार्ड वापरणं बंदच करू का?

थकबाकी असेपर्यंत हो. एक तर मागची बाकी पुढे ओढली की बहुतेक कार्डांवर बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. "पॉइंट मिळतात" हा युक्तिवाद तिथेच संपला.

दुसरं कारण मनाचं आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांवर बोली लावायला सांगितली. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी रोखीवाल्यांच्या जवळपास दुप्पट बोली लावली. तिकीट तेच, सामना तोच. म्हणून आठवड्याच्या किरकोळ खर्चाचे पैसे रोख काढून पाकिटात ठेवा. पाकीट संपलं की आठवडा संपला. फोनवरून पैसे देणं टाळता येत नसेल तर त्यासाठी वेगळं छोटं खातं ठेवा आणि त्यात दर सोमवारी ठरलेलीच रक्कम टाका. खरेदीच्या अॅपमध्ये साठवलेला कार्डाचा क्रमांक मात्र आजच पुसा.

दरमहा किमान देय रक्कम वेळेवर भरतो. मग अडचण काय?

ती रक्कम थकबाकीच्या टक्क्यांत असते. थकबाकी घटली की तीही घटते आणि कर्ज लांबत जातं. यावर फुकटचा उपाय: आज जी किमान रक्कम आहे ती कागदावर लिहा आणि पुढे ती कितीही खाली आली तरी आजचीच भरत राहा. अर्थात ती व्याजापेक्षा बऱ्यापैकी जास्त आहे ना, हे आधी बघा.

सगळी कर्जं मिळून एकच स्वस्त कर्ज घेतलं तर?

दर खरंच कमी असेल तर चांगलं, पण दोन सापळे आहेत. पहिला सपाट दराचा. "फक्त १२ टक्के" सांगतात, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर धरतात. तीन वर्षांच्या कर्जात हे १२ टक्के घटत्या शिल्लकेच्या हिशेबाने २१ टक्क्यांच्या आसपास जातात. त्यामुळे दर विचारण्याऐवजी "शुल्क धरून शेवटपर्यंत एकूण किती भरायचे?" हे विचारा आणि आकडा लिहून घ्या.

दुसरा सापळा आपलाच. रिकामी झालेली कार्डं पुन्हा भरतात. नवीन कर्ज घेण्याआधी जुन्यांची मर्यादा कमी करून घ्या.

घरच्यांना कसं सांगू? काटकसरीचा विषय काढला की भांडण होतं.

खर्चापासून सुरुवात केली की समोरच्याला आरोप ऐकू येतो. कर्जापासून सुरुवात करा. किती आहे, महिन्याला व्याज किती जातं, हे एका कागदावर लिहून मधोमध ठेवा आणि थोडा वेळ काही बोलू नका. लपवलेलं कर्ज असेल तर तेही त्याच कागदावर. नंतर कळण्यापेक्षा आता कळलेलं कमी दुखतं.

मग आधी स्वतःचा एक खर्च कापा, मोठा. त्यानंतरच दुसऱ्याच्या खर्चाकडे बोट दाखवायचा अधिकार मिळतो. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला थोडी रक्कम अशी द्या, जिचा हिशेब कुणी विचारणार नाही. ती कितीही छोटी असू दे. भांडणं निम्मी होतात ती तिच्यामुळे. मुलांना आकडे सांगायची गरज नाही, पण "यंदा आपण हे घेणार नाही आहोत" एवढं सरळ सांगावं. त्यांना खोटं चटकन कळतं.

मित्र बाहेर बोलावतात. प्रत्येक वेळी काय सांगू?

"सध्या हात आखडलाय, घरी या." तिसऱ्यांदा सांगायची वेळ बहुतेक येत नाही. त्यांच्यातल्या एकदोघांचे हातही आखडलेले असतात, असा माझा अनुभव आहे.

आता कापण्यासारखं काही उरलंच नाही.

असं होतं, आणि तो तुमचा दोष असेलच असं नाही. खर्चाला तळ असतो. तो लागला की वही मिटवा आणि उत्पन्नाकडे वळा: जादा काम, घरात पडून असलेल्या वस्तू विकणं, रिकामी खोली. तरीही व्याज भागत नसेल तर हप्ता चुकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवणं किंवा हप्ते काही काळ पुढे ढकलणं, याबद्दल बोलणी वेळेवर भरणाऱ्याशी जितक्या नीट होतात तितक्या थकवलेल्याशी होत नाहीत. एकाची टोपी दुसऱ्याला घालणारं महागडं झटपट कर्ज मात्र घेऊ नका.

एक महिना पार फसला. आता?

पुढचा महिना सुरू करा. मागचं भरून काढायला दुप्पट कापू नका.

एक कर्ज संपलं! त्याचा हप्ता आता हातात राहील ना?

त्या हप्त्याशिवाय जगायची सवय आधीच झालेली आहे, तेव्हा पहिल्याच महिन्यात तो पुढच्या कर्जाला जोडा. एखादा महिना जरी तो हातात राहिला तरी घराला त्याची चव लागते. साजरं करायचं असेल तर एका हप्त्यातून करा, आधी ठरवून.

आणि त्या आठवड्यात तीन कामं उरकून घ्या. कर्ज देणाऱ्याकडून काहीही बाकी नसल्याचा दाखला लेखी घ्या आणि तारण ठेवलेली कागदपत्रं मोजून परत घ्या. खात्यावरची आपोआप कापणीची सूचना स्वतः रद्द करा, कारण ती कधीकधी एक महिना जास्त चालते. दोन-एक महिन्यांनी पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) काढून ते खाते "बंद" दिसतंय का ते बघा. "बाकी शून्य, खाते चालू" असं दिसलं तर पुन्हा अर्ज करा.